जुनं खोड, नवी पुडी

अखंड हरिनाम सप्ताह होत नाही असं गाव बीड जिल्ह्यात शोधूनच काढावं लागेल. पहाटे काकडा, दिवसा पारायण आणि गाथाभजन, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन आणि त्यानंतर जागर. या सात दिवसांत पखवाज गवसणीत फारसा जातच नाही. नारायणगड, गहिनीनाथगड आणि भगवानगड यांचा वारकरी संप्रदाय एकीकडे आणि बीडजवळच्या कपिलधारची, मन्मथस्वामींच्या समाधीभोवती जोपासलेली शिवभजनाची परंपरा दुसरीकडे. देव वेगळे, टिळा वेगळा, पण टाळाला जोड मृदंगाचीच. आषाढीच्या आधी शेगावहून निघालेली गजानन महाराजांची पालखी परळी-अंबाजोगाई मार्गे जाते आणि मुक्ताबाईंची पालखी बीडमधून पुढे सरकते. त्या दिवसांत तर रस्त्यानेसुद्धा पखवाजच ऐकू येतो. याच जिल्ह्यातल्या अंबाजोगाई तालुक्यातल्या आपेगावचे शंकरबापू आपेगावकर यांनी गावाच्या भजनातलं हे वाद्य मैफलीच्या मंचावर नेलं आणि त्यांना पद्मश्री मिळाली. पखवाजाची जाण असलेले कान या भागात घरोघरी आहेत.

एवढं वाजतं म्हटल्यावर जुनी वाद्यंही तितकीच निघतात. आळंदीला जोग महाराजांनी 1917 साली काढलेल्या वारकरी शिक्षण संस्थेत आणि त्यानंतर तिथे उभ्या राहिलेल्या कितीतरी संस्थांमध्ये जिल्ह्यातली मुलं शिकायला जातात. सुरुवातीला घेतलेला लहान पखवाज हात बसल्यावर कमी पडतो, मग तो विकायला निघतो. एखादं भजनी मंडळ विस्कटतं. म्हातारा मृदंगी जातो आणि घरात वाजवणारं कुणी उरत नाही. मंदिराच्या माळ्यावर, पत्र्याखाली, फाटक्या पुडीचा पखवाज वर्षानुवर्षं पडून राहतो आणि गाव वर्गणी काढून नवा आणतं. हा शेवटचा प्रकार मला सर्वांत जास्त टोचतो, कारण त्या माळ्यावरच्या वाद्याचं जे खरं मोल असतं ते बहुतेक वेळा शाबूत असतं. पुडी फाटली म्हणजे पखवाज गेला, असं आपण समजतो. पुडी, म्हणजे तोंडावर मढवलेलं कातडं, ही झिजून बदलण्यासाठीच असते. पखवाज म्हणजे त्याचं खोड, आणि चांगलं खोड आज सहज मिळत नाही.

खोड एकाच ओंडक्यातून कोरलेलं असतं. लांबी साधारण दोन ते अडीच फूट, उजवं तोंड सहा-सात इंचांचं, डावं नऊ-दहा इंचांचं, आणि पोट मध्यभागापेक्षा किंचित डावीकडे फुगलेलं. लाकूड शिसवाचं, खैराचं, बाभळीचं, फणसाचं, कडुनिंबाचं किंवा आंब्याचं असू शकतं. जड आणि घट्ट रेषांचं लाकूड हातातल्या थापेची ताकद स्वतः गिळत नाही, ती पुडीकडे परत पाठवतं, म्हणून नाद लांबतो. आंब्याचं खोड हलकं, उचलायला सोपं, पण लवकर कीड धरणारं. चाळीस-पन्नास वर्षं वाळलेलं शिसवाचं किंवा खैराचं खोड कुणी स्वस्तात देत असेल, तर पुडीची अवस्था न पाहता घ्यावं. जे काही वाकायचं, तडकायचं, आखडायचं ते त्याचं आधीच होऊन गेलेलं असतं. घाईने वाळवलेल्या ओल्या लाकडाचा नवा पखवाज मात्र पहिल्या दोन उन्हाळ्यांत काय करील, ते सांगता येत नाही.

मात्र घेण्याआधी लाकूड नीट बघितलंच पाहिजे. दोन्ही पुड्या शाबूत असतील तर आत पाहता येत नाही, म्हणून विकणाऱ्याला विचारून निदान एक बाजू सैल करायला सांगा. तो तयार नसेल तर किंमत पाडून मागा. एका बाजूने बॅटरीचा उजेड टाका आणि दुसऱ्या बाजूने बघा. भेग आरपार गेली असेल तर उजेडाची रेघ दिसते. पृष्ठभागावरच्या केसासारख्या भेगांना घाबरू नये, त्या जवळजवळ प्रत्येक जुन्या खोडाला असतात. तोंडाच्या काठापर्यंत पोचलेली भेग मात्र गंभीर, कारण पुड्या ताणणाऱ्या चामड्याच्या वादीचा सगळा ताण तिथेच येतो. अंगठ्याने सगळ्या अंगावर दाबत जा. कुठे लाकूड पोचट लागलं, ठोकल्यावर बद्द आवाज आला, तर आतून पोखरलेलं आहे. जोड दिसतोय का तेही पाहा. फळ्या चिकटवून, वरून रंगाचा जाड थर देऊन केलेली खोडंही बाजारात फिरतात. अशा खोडावर पैसे घालण्यात अर्थ नाही.

टाचणीच्या डोक्याएवढी गोल भोकं दिसली की किडा आहे की होता, हे ठरवायला हवं. त्याला एक साधी युक्ती आहे. खोड झटकून, ब्रशने साफ करून काळ्या कागदावर ठेवायचं आणि दोन-तीन आठवडे हलवायचं नाही. कागदावर पिठासारखा ताजा भुसा पडला तर किडा जिवंत आहे. अशा वेळी पुड्या, वादी सगळं काढून टाकून टाकणखार आणि बोरिक पावडर कोमट पाण्यात विरघळवून ते पाणी सिरिंजने एकेका भोकात सोडावं. किड्याची अळी ते लाकूड खाते आणि मरते. खोड सावलीत पूर्ण वाळू द्यावं आणि मग भोकं मेणाने बुजवावीत. मेण यासाठी, की पुढे पुन्हा नवं भोक पडलं तर ते लगेच वेगळं दिसतं. हे द्रावण माणसालाही विषारीच आहे, तेव्हा हातमोजे घाला आणि उरलेलं पाणी मुलांच्या किंवा गुरांच्या वाटेत ठेवू नका. गावाकडे यासाठी रॉकेल चोपडायची पद्धत आहे. रॉकेलचा वास वर्षभर जात नाही, ते चामड्याला लागतं, आणि ज्या मंदिरात समई तेवते तिथे असं खोड ठेवणं धोक्याचं. रॉकेल नकोच.

काठाकडे लोकांचं सर्वांत कमी लक्ष जातं, आणि जुन्या पखवाजाची सर्वांत जास्त दुखणी तिथेच असतात. पुडी बसते ती तोंडाच्या काठावर. तो काठ सगळीकडे एका पातळीत आणि किंचित गोलसर असला, तर पुडीचा ताण चहूबाजूंनी सारखा येतो. कुठे टवका उडाला असेल, तर तिथे पुडी लाकडाला नीट टेकत नाही आणि थाप पडली की बारीक भुणभुण येते. मग माणसं पुडी बदलतात, परत बदलतात, कारागिराला दोष देतात, आणि दोष काठाचा असतो. सपाट फरशीवर किंवा जाड काचेवर तोंड टेकवून आतून बॅटरी लावा. जिथून उजेड बाहेर सांडतो तिथे खाच आहे. लहान खाच त्याच जातीच्या लाकडाचा भुसा आणि सरस यांनी भरता येते. मोठी असेल तर त्या जागी लाकडाचा तुकडा बसवून तो तासावा लागतो. ते काम जाणत्या सुताराचं किंवा पखवाज करणाऱ्याचं. संपूर्ण काठ रंधून खाली घेण्याचा मोह कुणाला झाला तर हात धरावा. काठ दोन दोऱ्यांनी खाली गेला तरी तोंडाचा व्यास बदलतो, आणि मग जुन्या मापाची पुडी बसत नाही.

भेगेच्या बाबतीत घाई करू नये. पावसाळ्यात लाकूड फुगतं आणि भेग मिटल्यासारखी दिसते, वैशाखात तीच उघडते. म्हणून भेग भरायची ती कोरड्या दिवसांत, ती पूर्ण उघडलेली असताना. अरुंद भेगेत भुसा आणि सरस, रुंद भेगेत त्याच लाकडाची बारीक फाचर. पावसाळ्यात भरलेली भेग उन्हाळ्यात पुन्हा फाकते, आणि उन्हाळ्यात गच्च ठोकून भरलेली फाचर पावसाळ्यात फुगून शेजारचं लाकूड फोडते. तेव्हा फाचर सरळ हाताने सरकेल इतकीच घट्ट हवी.

साफसफाई शक्यतो कोरडीच करावी. आधी मऊ ब्रश, मग घट्ट पिळलेलं सुती फडकं, लगेच कोरडं फडकं. वर्षानुवर्षांचा उदबत्तीच्या काजळीचा आणि तेलाचा थर जायला वेळ लागतो, तो जाऊ द्यावा. बाहेरच्या अंगाला तेल द्यायचं असेल तर जवसाचं द्या. जवस आपल्या मराठवाड्यातलंच पीक. त्याचं तेल हवेतला प्राणवायू घेऊन हळूहळू घट्ट होतं आणि लाकडावर पातळ कवच धरतं. खोबरेल आणि शेंगदाण्याचं तेल असं सुकत नाही, ते चिकट राहतं, त्यावर धूळ बसते आणि मुंग्या येतात. जवसाचं तेल फडक्यावर थोडंसं घेऊन चोळावं, अर्ध्या तासाने जास्तीचं पुसून काढावं आणि सुकायला कित्येक दिवस द्यावेत. काठाला आणि आतल्या बाजूला ते लावू नये. एक सूचना जिवाच्या मोलाची: जवसाच्या तेलाचं फडकं चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. ते सुकताना तापतं, आणि चुरगळलेल्या फडक्यात ती उष्णता कोंडून आपोआप पेट घेऊ शकते. फडकं मोकळ्या हवेत पसरून वाळवा, मग टाका.

गावच्या जुन्या खोडावर ऑइलपेंटने कुणाचं तरी नाव लिहिलेलं असतं, अमक्याच्या स्मरणार्थ सप्रेम भेट, सोबत साल. पॉलिश पेपर मारून ते खरवडून खोड चकचकीत करण्याची हौस अनेकांना असते. कृपा करून तसं करू नका. गावाच्या भजनाची कुठेही न लिहिलेली नोंद तेवढीच उरलेली असते. मंदिरातलं वाद्य दुरुस्तीला किंवा विकायला काढताना गावकऱ्यांच्या बैठकीत विचारणंही आवश्यक आहे, ते कुणा एकाचं नसतं.

आता पुडीकडे वळू. बकऱ्याच्या कातड्याची ही गोल झाकणं दिसायला साधी, पण उजव्या पुडीइतकी हुशारीने केलेली वस्तू जगातल्या चर्मवाद्यांत विरळा. सर्वांत वर कडेने चाट, तिच्या आत उघडी दिसणारी लव, आणि मध्यभागी काळी शाई. बाहेरून चामड्याच्या पट्ट्यांचा विणलेला गजरा, त्याला वादी ओवण्यासाठी सोळा घरं. वादी एका तोंडाच्या गजऱ्यातून दुसऱ्या तोंडाच्या गजऱ्यात जात-येत राहते आणि तिच्याखाली आठ लाकडी गठ्ठे सरकवलेले असतात.

शाई कशासाठी, हा प्रश्न सी. व्ही. रामन यांना पडला होता. त्यांनी शिवकाली कुमार यांच्याबरोबर 1920 साली ‘नेचर’ या नियतकालिकात भारतीय चर्मवाद्यांवर टिपण लिहिलं आणि 1934 साली त्याच विषयावर सविस्तर निबंध प्रसिद्ध केला. साध्या ताणलेल्या कातड्यावर थाप मारली तर त्यातून निघणाऱ्या निरनिराळ्या कंपनांचा एकमेकांशी मेळ नसतो. मूळ कंपन एक धरलं, तर पुढची सुमारे 1.59, 2.14, 2.30, 2.65 अशा आडमुठ्या पटींत येतात. म्हणून नुसत्या ढोलाचा आवाज दणका देतो, पण त्याचा षड्ज सांगता येत नाही. मध्यभागी ठरावीक आकाराचा आणि कडेकडे पातळ होत जाणारा शाईचा भार दिला, की ती कंपनं 1, 2, 3, 4, 5 अशा सरळ पटींत येऊन बसतात. तार छेडल्यावर असाच मेळ येतो. पखवाज गायकाच्या सुरात मिळवता येतो तो यामुळेच. रामन यांना नोबेल मिळायच्या कितीतरी शतकं आधी कुणा कारागिरांनी हे कानाने शोधून काढलं होतं.

शाई लावण्याची रीत पाहिली की तिला का जपायचं ते आपोआप कळतं. लोखंडाची बारीक पूड, काजळी किंवा कोळशाची पूड आणि शिजवलेल्या भाताची किंवा पिठाची खळ यांचा मसाला कारागीर आपापल्या मात्रेने मळतो. त्याचा पातळ थर देतो, गुळगुळीत दगडाने घासून वाळवतो, मग त्यावर जरा लहान वर्तुळाचा दुसरा थर, पुन्हा घासणं, पुन्हा वाळवणं. घासल्यामुळे वाळलेल्या शाईत डोळ्यांना नीटसं न दिसणाऱ्या बारीक भेगा पडतात आणि ती असंख्य लहान दाण्यांची बनते. त्यामुळे भार देऊनही ती कातड्याबरोबर लवते. एकसंध कडक थर असता तर पुडी बंद पडली असती. म्हणून शाईचा टवका उडाला तर घरी डिंक, फेव्हिकॉल, एम-सील असलं काहीही भरू नये. त्या दाण्यांमधल्या भेगा बुजतात आणि पुडी मुकी होते. शाईच्या कडेने थोडे दाणे सुटले असतील तर वाजवत राहावं. मधोमध खड्डा पडला असेल तर कातडं तपासून कारागीर शाई नव्याने भरतो किंवा पुडीच बदलतो. शाईत भात असतो म्हणून झुरळंही तिच्यावर ताव मारतात, हेही ध्यानात असू द्या.

पुडी बदलायला जाताना कारागिराला दोन गोष्टी सांगता आल्या पाहिजेत: तोंडाचं बाहेरून बाहेर घेतलेलं माप, आणि मंडळ कोणत्या पट्टीत गातं ते. ‘चांगली पुडी टाका’ एवढं सांगून भागत नाही. ताण चौपट केला तर स्वर एक सप्तक चढतो, असा हिशेब आहे. म्हणजे नुसता एक पूर्ण स्वर चढवायला ताण सव्वापटीहून थोडा जास्त करावा लागतो. मोठ्या तोंडाच्या खोडावर जाड शाईची पुडी बसवून ती गठ्ठे ठोकून ठोकून उंच पट्टीत नेली, तर ती गजऱ्यापाशी फाटते, आणि त्याआधी खोडाच्या काठावर नको इतका दाब आणते. उंच गाणाऱ्या मंडळासाठी लहान तोंडाचं खोड किंवा पातळ शाई हवी. जुनं खोड घेण्याआधीच हे जुळवून पाहावं. पट्टी न जुळणारं उत्तम खोडसुद्धा त्या मंडळाच्या उपयोगाचं नाही.

वादी की नटबोल्ट, यावर भजनी मंडळांत वाद होतात. लोखंडी कडी, सळया आणि बोल्ट लावलेला पखवाज पान्याने कुणीही दोन मिनिटांत चढवू शकतो, दिंडीत पावसात भिजल्यावर तो लवकर सावरता येतो, आणि उंदीर बोल्ट कुरतडत नाहीत. या सोयी खऱ्या आहेत. तरीही जुन्या वादीच्या खोडाला बोल्ट चढवू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. लोखंडी कडी जुन्या काठावर काही ठरावीक जागी दाबते, वजन वाढतं, बोल्ट सैल झाले की खुळखुळतात, आणि पान्याचा एक वेढा जास्त पडला तर पुडी क्षणात जाते. चामड्याच्या वादीला स्वतःची लवचीकता असते, ती हा धक्का सोसते. वादी परवडत नसेल तर चांगली सुती किंवा नायलॉनची दोरी ओवून घ्यावी. खोड तेच राहतं आणि पुढे केव्हाही वादीवर परत येता येतं. दिंडीत चालायला वेगळा, हलका बोल्टचा पखवाज ठेवावा.

नवी पुडी बसली की लगेच कीर्तनाला नेऊ नये. ओलं चामडं मढवल्यावर सावलीत वाळतं, मग काही दिवस ते ताण सोडत राहतं. आधी खालच्या सुरात ठेवून रोज थोडं वाजवावं, हळूहळू चढवत न्यावं. मिळवताना गजऱ्यावर एका घरानंतर थेट समोरच्या घरावर ठोका द्यावा, एका बाजूने गोल फिरत जाऊ नये. सोळाही घरांशी चाटेवर बोट मारून आवाज सारखा आला की पुडी मिळाली. मोठा फरक असेल तर गठ्ठे सरकवायचे, बारीक फरक असेल तर फक्त गजऱ्यावर हातोडी. हातोडीचा घाव लवेवर किंवा चाटेवर पडला, तर तो शेवटचाच ठरण्याची शक्यता असते.

बीडची हवा या वाद्याची परीक्षा बघणारी आहे. उन्हाळ्यात पारा चाळीसच्या वर, हवा कोरडी ठणठणीत. कातड्यातलं पाणी उडून जातं, ते आखडतं, पखवाज आपोआप चढतो. त्यात पत्र्याच्या खोलीत किंवा गाडीच्या डिकीत भर दुपारी राहिला तर पुडी न वाजवताही फाटते आणि लाकडाची जुनी भेग जागी होते. पावसाळ्यात उलट, कातडं दमट हवेतलं पाणी पितं आणि आवाज बसतो. हलगी आणि डफ वाजवणारे अशा वेळी वाद्य जाळावर शेकतात, ते बरोबरच आहे. हलगीला शाई नसते. तेच बघून पखवाजाची पुडी शेकोटीपुढे धरणारे लोक मी पाहिलेत. शाई कातड्यापेक्षा वेगळ्या वेगाने तापते, तिचे पापुद्रे सुटतात, आणि महिन्याभरात पुडी गळते. दमट दिवसात पखवाज कोरड्या खोलीत तासभर आधी काढून ठेवावा, पंख्याची हवा लागू द्यावी, आणि तरी उतरलेला वाटला तर गठ्ठ्यांनी थोडा चढवावा. तेवढा धीर हवा.

डाव्या तोंडाला, म्हणजे धुमेला, कायमची शाई नसते. वाजवण्याआधी गव्हाची कणीक पाण्यात सैलसर मळून मधोमध थापतात. कणीक वाढवली की स्वर खाली जातो, काढली की वर येतो. उजवीच्या षड्जाखाली बरोबर एक सप्तक धुम येईपर्यंत ती कमी-जास्त करायची. कीर्तन संपलं की कणीक लगेच काढावी. ‘उद्या पुन्हा लागणारच आहे’ म्हणून ती तशीच ठेवली तर ती वाळून कातड्याला खेचते, आंबते आणि रात्री उंदरांना आवतण देते. उंदीर कणकेसाठी येतो आणि कातडंही नेतो. काढताना नखाने किंवा चमच्याने खरवडू नये, ओल्या बोटांनी मऊ करून काढावी आणि फडक्याने पुसून पुडी उघडी वाळू द्यावी. उजव्या पुडीवरचा हाताचा घामही कोरड्या फडक्याने पुसावा. घामातलं मीठ हवेतलं पाणी ओढत राहतं.

गवसणी जाड सुती कापडाची असावी. प्लास्टिकच्या पिशवीत पखवाज बांधून ठेवला की आतला ओलावा बाहेर पडत नाही आणि पुडीवर बुरशी धरते. वाद्य आडवं, कापडाच्या चुंबळीवर, भिंतीपासून हातभर दूर ठेवावं, पुडीवर उभं करू नये. गवसणीत डांबराच्या दोन गोळ्या फडक्यात बांधून ठेवल्या तर झुरळं येत नाहीत, फक्त त्या शाईला टेकू देऊ नका. दसरा-दिवाळीनंतर जिल्ह्यातली हजारो कुटुंबं ऊसतोडीला जातात आणि पुष्कळ गावांत भजन चार-पाच महिने थंडावतं. अशी लांबलचक विश्रांती असेल तर गठ्ठे ठोकून उतरवावेत आणि दोन्ही पुड्यांवरचा ताण हलका करावा. मंदिराची किल्ली ज्याच्याकडे असेल त्याने महिन्यातून एकदा गवसणी उघडून वाद्याला हवा दाखवली तरी पुष्कळ झालं.

शेवटी कारागिराबद्दल. आळंदी-पंढरपूरला पखवाज मढवणारे आहेत, तालुक्याच्या गावांतही तबला-ढोलकीची कामं करणारे सापडतात, पण त्यांच्या मुलांनी हा धंदा धरलेला क्वचितच दिसतो. चामड्याच्या कामाला आपल्या समाजाने कायम खालच्या पायरीवर ठेवलं. मृदंगाला हार घालून नमस्कार करणारा माणूसही तो मढवणाऱ्या हाताशी दहा रुपयांसाठी घासाघीस करतो. एक पुडी नीट करायला दिवस जातात, कातडं निवडण्यात आणि शाई घासण्यात डोळे आणि मनगटं जातात. ती मजुरी त्याने मागितली तेवढी द्यावी. आणि काम चालू असताना गावातली दोन पोरं त्याच्याशेजारी बसवावीत, म्हणजे निदान गजरा ओवणं, वादी ताणणं, गठ्ठे लावणं एवढं तरी गावात येईल.

तुमच्या मंदिरात असं एखादं खोड पडून असेल, तर सप्ताहाची वर्गणी ठरवायला बसाल त्याच बैठकीत त्याच्या दुरुस्तीचा विषय घ्या. आणि खोड कारागिराकडे निदान महिनाभर आधी पोचवा, कारण सप्ताह तोंडावर आला की सगळा तालुका त्याच्या दारात उभा असतो.